अतिवास्तव आणि सायकेडेलिक ग्राफिक नॉव्हेल कुणाला, कशी सुचवावी

"काहीतरी एकदम वेगळं दे ना वाचायला," असं कुणी म्हटलं की आपला हात थेट कपाटातल्या सगळ्यात चक्रम पुस्तकाकडे जातो. बहुतेक शिफारशी तिथेच वाया जातात. पुस्तक थोड्या दिवसांनी परत येतं, "चित्रं भारी आहेत, पण डोक्यावरून गेलं" एवढं ऐकायला मिळतं आणि तो वाचक पुन्हा या वाटेला फिरकत नाही. त्याला विचित्र गोष्टी झेपत नाहीत असं मी मानत नाही. चांदोबातला वेताळ आणि पुढे जीएंच्या रूपककथा वाचून वाढलेल्या माणसाला स्वप्नाचं तर्कशास्त्र नवं नसतं. फक्त त्याला धरायला काही दिलेलं नसतं.

चांगल्या विचित्र पुस्तकात नेहमी एक खुंटी असते. आजूबाजूचं सगळं वितळत असलं, माणसांची झाडं आणि शहरांचे प्राणी होत असले तरी ती जागची हलत नाही. कुठे ती एखादं पात्र असते, कुठे एक आकार, कुठे पानाच्या मांडणीचा नियम. म्हणून शिफारस करताना पुस्तक किती अजब आहे याचं वर्णन आवरतं घ्या आणि त्यात काय स्थिर आहे ते आधी सांगा. या लेखातली प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी दोन चवी वेगळ्या करा

अतिवास्तव आणि सायकेडेलिक हे शब्द बरेच जण एका दमात उच्चारतात, पण त्यांचे वाचक अनेकदा निराळे असतात.

अतिवास्तव चित्रकथेत रेषा शांत असू शकते, गडबड असते ती घटनेत. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टने १९३४ मध्ये एक कोलाज-कादंबरी काढली. एकोणिसाव्या शतकातल्या छापील मासिकांमधली आणि स्वस्त कादंबऱ्यांमधली कोरीव चित्रं कापून त्याने नवी दृश्यं जुळवली. दिवाणखाना नीटनेटका, पडदे जागेवर, कपडे कडक इस्त्रीचे, फक्त सोफ्यावर बसलेल्या गृहस्थाच्या धडावर पक्ष्याचं डोकं. पानावर रंग नाही, आरडाओरडा नाही, तरी नजर हटत नाही.

सायकेडेलिक चित्रकथा थेट डोळ्यावर काम करते. अमेरिकी चित्रकथाकार रॉबर्ट क्रम्बच्या 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोत १९६८ मध्ये निघाला आणि दुसऱ्या अंकापासून व्हिक्टर मॉस्कोसो आणि रिक ग्रिफिन हे दोन पोस्टरकार त्यात आले. मॉस्कोसो येल विद्यापीठात चित्रकार योझेफ आल्बर्सच्या हाताखाली रंग शिकलेला होता. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी असे विरोधी रंग सारख्याच उजळपणाचे घेऊन शेजारी ठेवले की त्यांच्यातली कड थरथरल्यासारखी दिसते. रंग लावताना हे टाळावं असं विद्यार्थ्यांना शिकवतात. मॉस्कोसोने ते मुद्दाम केलं. पोस्टरवरची अक्षरं चटकन वाचता येऊ नयेत, पाहणारा तिथे थबकावा, हाच त्याचा हेतू होता.

आणखी एक गैरसमज दूर करावा लागतो, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना पुस्तक देताना. सायकेडेलिक चित्र म्हणजे नशेचं चित्र असं समीकरण नाही. चित्रकार स्टीव्ह डिट्कोने 'डॉक्टर स्ट्रेंज' या सुपरहिरो चित्रकथेतली हवेत तरंगणारी दारं आणि वेड्यावाकड्या वाटांचे प्रदेश १९६३ पासून काढायला घेतले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पींची लाट त्यानंतर काही वर्षांनी आली.

समोरच्याला कुठली चव हवी हे ओळखायला सोपा उपाय आहे. त्याला आवडलेलं एखादं चित्र किंवा सिनेमातलं दृश्य सांगायला सांगा. "काय चाललंय तेच कळेना, पण नजर हटेना" असं तो म्हणाला तर अतिवास्तवाकडे न्या. रंगांबद्दल, वेगाबद्दल, भव्यतेबद्दल बोलू लागला तर दुसऱ्या बाजूला.

देण्याआधी काय विचारायचं

मी तीन गोष्टी विचारतो. शेवट उलगडला नाही तर चालेल का? शब्दच नसलेलं पुस्तक वाचशील का? आणि काय अजिबात बघवत नाही? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे. गद्यात आपण एखादं वाक्य भरभर ओलांडून जाऊ शकतो. चित्र मात्र पान उलटताक्षणी डोळ्यांत शिरतं, सुटका नसते. शरीराची विटंबना, लैंगिक हिंसा, किडे, बंदिस्त जागा यातलं काय नको ते आधी कळलं तर पुढचा मनस्ताप टळतो.

त्याशिवाय तो एरवी काय वाचतो हे बघा. चित्रकथांचं वाचन शून्य असलं तरी हरकत नाही. आत्मकथनं वाचणारा, भयकथा वाचणारा, विज्ञानकथा वाचणारा आणि फक्त सुपरहिरोंचे सिनेमे बघणारा, या चौघांना एकाच दारातून आत नेता येत नाही.

पहिलं पुस्तक

सगळ्यात सुरक्षित दार जुनं आहे. विन्सर मॅकेची 'लिटल नीमो' ही मालिका १५ ऑक्टोबर १९०५ पासून 'न्यूयॉर्क हेरल्ड'च्या रविवारच्या अंकात पूर्ण पानभर छापून येऊ लागली. एक लहान मुलगा झोपतो, स्वप्नांच्या राज्यात जातो आणि शेवटच्या छोट्या चौकटीत जागा होतो. दर रविवारी हेच. ती शेवटची चौकट ही या मालिकेची खुंटी. शेवटी पलंग येणार हे ठाऊक असल्यामुळे वाचक मधल्या वाटेल त्या वेडेपणाला तयार होतो.

शिफारस करताना मी पूर्ण पुस्तक पुढे करत नाही, एक पान उघडतो. २६ जुलै १९०८ चं पान यासाठी उत्तम. नीमोच्या पलंगाला हालचाल होते, मग त्याचे पाय लांब होऊ लागतात. पलंग खोलीतून बाहेर पडतो आणि रात्रीच्या शहरातून चालू लागतो. पाय वाढत जातात, इमारतींच्या वर पोचतात. वाचकाला इथे थांबवा आणि कथा सोडून चौकटींकडे बघायला सांगा. पलंगाचे पाय जसे वाढतात तशा चौकटीही उंच होत जातात. पानाची मांडणी स्वतःच गोष्ट सांगते आहे. हे एकदा डोळ्यांना दिसलं की चित्रकथा बघायची रीतच बदलते, आणि पुढची अवघड पुस्तकं वाचायला लागणारी दृष्टी याच एका पानातून मिळते. मॅके १९३४ मध्ये वारला. ही पानं आता कॉपीराइटमुक्त आहेत, इंटरनेटवर मोठ्या आकारात मोफत बघायला मिळतात. एक मात्र सांगून ठेवा. त्या काळचं वर्णद्वेषी व्यंगचित्रण या मालिकेत आहे. लहान मुलांबरोबर वाचणार असाल तर त्याबद्दल बोलावं लागेल.

मराठी वाचकासाठी मला सगळ्यात जवळचं वाटणारं दार म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं 'भीमायन'. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं हे पुस्तक दिल्लीच्या 'नवयान'ने २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. याला अतिवास्तव म्हणावं का यावर वाद होऊ शकतो. गोंड कलेला स्वतःची परंपरा आहे आणि तिला पॅरिसच्या अतिवास्तववादी चळवळीचं लेबल लावणं मलाही पटत नाही. तरी वाचकाच्या डोळ्यांना जी सवय लागायला हवी ती हे पुस्तक फार सहज लावतं. आगगाडी सापासारखी वळत येते. किल्ला जनावर होतो. चौकोनी चौकटी जवळजवळ नाहीतच, गोंड नक्षीच्या वळणांनी पान विभागलं जातं. आणि संवादांचे फुगे बघा. साध्या माणसांचं, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, तर अपमान करणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. शिव्या न वाचताही डंख कळतो.

इथली खुंटी म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला इतिहास. मसूर स्टेशनवर उतरलेली, वडिलांची वाट बघणारी मुलं, पाण्यासाठीची वणवण, महाडचं तळं हे सगळं माहीत असल्यामुळे गोष्टीत हरवण्याची भीती राहत नाही, सगळं लक्ष चित्राकडे जातं. ज्या वाचकाने आयुष्यात एकही ग्राफिक नॉव्हेल हातात घेतलेली नाही त्याला मी हेच देतो.

बाकीची दारं थोडक्यात सांगतो. आत्मकथनं आवडणाऱ्याला फ्रेंच चित्रकार डेव्हिड बी. याचं भावाच्या अपस्मारावरचं आत्मकथन द्या. सहा भागांत १९९६ ते २००३ या काळात आलेलं हे काम इंग्रजीत 'एपिलेप्टिक' या नावाने मिळतं. कुटुंबाची फरपट खरी आहे, फक्त आजार सर्पासारख्या प्राण्याच्या रूपात घरात आणि अंगात वावरतो. भयकथा आवडणाऱ्याला जुंजी इतोची 'उझुमाकी'. १९९८-९९ मधली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सर्पिल आकाराने झपाटलेल्या एका गावाची गोष्ट सांगते. खुंटी तो आकारच. धुरात, केसांत, गोगलगाईत तोच तो दिसत राहतो आणि वाचक स्वतः तो शोधू लागतो. इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट असेल तर शुइटन आणि पीटर्स या जोडीची 'फीव्हर इन अर्बिकांड', जिच्यात अज्ञात पदार्थाचा एक लहानसा पोकळ घन वाढत वाढत अख्ख्या शहरातून आरपार जाळी विणतो. सुपरहिरोवाल्याला ग्रँट मॉरिसनच्या काळातलं 'डूम पॅट्रोल', म्हणजे १९८९ ते १९९३ चे अंक. त्यात एक जिवंत, विचार करणारा रस्ता हे पात्र आहे, आणि तो सगळ्यांत समंजसही आहे.

'द अरायव्हल'बद्दल थोडं जास्त लिहायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या शॉन टॅनचं हे २००६ चं पुस्तक पूर्ण नि:शब्द आहे. बायको-मुलीला मागे ठेवून परक्या शहरात आलेला एक माणूस, तिथली वाचता न येणारी लिपी, ओळखीचं एकही फळ नाही, घरात कोपऱ्यात बसलेला भलताच प्राणी. ती लिपी टॅनने रचलेली असल्यामुळे आपणही त्या माणसाइतकेच निरक्षर होतो. मुलांकडे परदेशी जाऊन काही महिने राहिलेल्या आई-वडिलांना हे पुस्तक दाखवा. अतिवास्तव वगैरे शब्द उच्चारायची गरजच पडत नाही, सुपरमार्केटमध्ये भांबावून उभं राहिल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो.

दुसरी पायरी: इथे खरी मजा आहे

पहिलं पुस्तक आवडलं की 'द इंकाल'. चिलीत जन्मलेला अलेहांद्रो होदोरोव्स्की याचं लेखन आणि मोबियस म्हणजे जाँ जिरो याची चित्रं. १९८० ते १९८८ या काळात हे काम झालं. सत्तरच्या दशकात होदोरोव्स्कीचा एक अवाढव्य विज्ञानपट बारगळला होता. त्यासाठी रचलेल्या कल्पनांपैकी बरंच काही इथे वापरलं गेलं. पहिल्याच पानावर जॉन डिफूल हा फालतू खासगी गुप्तहेर एका खोल शहर-विहिरीत खाली कोसळत असतो, तळाशी आम्लाचं तळं. पुढे विश्वं जन्मतात आणि मरतात, पण डिफूल आळशी, भित्रा आणि सुखलोलुपच राहतो. त्याचा भित्रेपणा ही खुंटी. "सगळ्या विश्वाचं रक्षण ज्याच्यावर येऊन पडतं तो माणूस शक्य तिथे पळ काढतो," एवढं सांगून पुस्तक हातात द्या. विकत घेताना मूळ रंगांची आवृत्ती आहे का ते तपासा. मधल्या काळात संगणकावर नव्याने रंगवलेली आवृत्ती निघाली होती, तिच्यात मोबियसच्या रेषेची हवा निघून जाते.

यानंतर जिम वुडरिंग. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं काम त्याचं आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या वेळी सुचवलं जाणारंही. त्याच्या 'फ्रँक'च्या कथांमध्ये शब्द नाहीत. फ्रँक हा मांजरही नव्हे, उंदीरही नव्हे असा दोन पायांवर चालणारा प्राणी 'युनिफॅक्टर' नावाच्या प्रदेशात राहतो. हवेत भोवऱ्यासारखे रंगीत आकार तरंगतात, त्यांना वुडरिंग 'जीवा' म्हणतो. डुकरासारखा एक दुर्दैवी माणूस आहे, मॅनहॉग, ज्याच्या वाट्याला हाल येतात आणि ते तो बऱ्याचदा ओढवूनही घेतो. लहानपणी आपल्याला भास होत असत हे वुडरिंगने उघडपणे सांगितलं आहे.

नवखा वाचक इथे अर्थ शोधायला बसतो आणि थकतो. त्याला दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, रेषा बघ. टेकडी असो की भिंत, वुडरिंग ती जाड-बारीक होत जाणाऱ्या समांतर लाटांनी भरतो, त्यामुळे दगडही श्वास घेतो असं वाटतं. दोन, कार्यकारणाचा धागा सोडू नकोस. कुणी दार उघडतं, त्यामुळे काही बाहेर येतं, त्यामुळे कुणाला तरी भोगावं लागतं. प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीचा परिणाम असते. तर्क पक्का आहे, फक्त आपल्या जगाचा नाही. 'वेदरक्राफ्ट' (२०१०) ही मॅनहॉगची लांब कथा आहे. तिच्यापासून सुरुवात करू नका. आधी फ्रँकच्या छोट्या कथा, एका बैठकीत एक.

देशी पुस्तकांपैकी अमृता पाटील यांची 'करी' (२००८) याच पायरीवर ठेवतो. पाटील यांचं कलाशिक्षण गोव्यात आणि पुढे बॉस्टनमध्ये झालं. उंचावरून उडी मारलेल्या दोन मुलींपैकी करी शहराच्या गटारात पडून वाचते आणि पुढे त्याच गटारातून होडी वल्हवते. शहराला पुस्तकात 'स्मॉग सिटी' म्हटलं आहे. मुंबईत भाड्याच्या खोलीत चार जणींबरोबर राहिलेल्या मुलीला ते ओळखायला वेळ लागणार नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाने सुरू होणारं पुस्तक आहे, हे मात्र देताना स्पष्ट सांगावं. बेंगळुरूचा चित्रकथाकार अप्पुपेन याचं 'मूनवर्ड' (२००९) काळोखं, जवळजवळ नि:शब्द आणि रागीट आहे. जाहिरातींच्या जगाचा वीट आलेल्यांना ते लागू पडतं.

कागद, आकार आणि फोन

ही पुस्तकं शक्यतो फोनवर वाचू नयेत. फोनवरची ॲप्स एकेक चौकट मोठी करून दाखवतात, आणि नीमोच्या त्या पानाची सगळी किमया चौकटी एकत्र दिसण्यात आहे. टॅबलेट चालेल, पण पूर्ण पान एका नजरेत मावेल असा आडवा-उभा करून. काही पुस्तकं तर कागदाशिवाय अशक्यच. फ्रेंच चित्रकार मार्क-आंत्वान मातियोच्या 'लोरिजिन' या १९९० च्या चित्रकथेत पानाला खरोखर चौकटीएवढं भोक पाडलेलं आहे. मागच्या-पुढच्या पानावरची चौकट त्यातून दिसते आणि कथेत दोनदा वापरली जाते. ॲलन मूर आणि जे. एच. विल्यम्स यांच्या 'प्रोमेथिया' या मालिकेच्या २००५ मधल्या शेवटच्या अंकाची पानं सुटी करून जोडली की दोन्ही बाजूंनी छापलेलं मोठं चित्र तयार होतं.

परदेशी आवृत्त्या महाग पडतात, म्हणून आधी उसनं मिळतं का बघा. मुंबई-पुण्यात अलियाँस फ्रान्सेजच्या ग्रंथालयांत फ्रेंच चित्रकथा असतात. मोबियसचं 'आर्झाक' नि:शब्द आहे, त्याला फ्रेंच यावं लागत नाही.

आधी सांगायच्या गोष्टी

'उझुमाकी'त शरीरं पिळवटतात, वितळतात. चार्ल्स बर्न्सचं 'ब्लॅक होल' सत्तरच्या दशकातल्या सिॲटलच्या किशोरवयीन मुलांबद्दल आहे. लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार त्यांची शरीरं बदलत जातो आणि चित्रण उघडं आहे. क्रम्बच्या कामात स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांचं चित्रण असं आहे की मी ते कुणालाही न सांगता हातात ठेवत नाही. 'इंकाल'मध्येही नग्नता आणि हिंसा आहे. हे सगळं सांगितल्याने गोष्ट फुटत नाही, उलट वाचकाचा तुमच्यावर भरवसा बसतो आणि पुढचं पुस्तक तो तुमच्याकडूनच मागतो. मानसिक आजारातून जात असलेल्या किंवा भास होण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीला यातलं काहीही परस्पर देऊ नका. तिला विचारा, पानं चाळू द्या, निवड तिची असू द्या.

पुस्तक परत आल्यावर

"समजलं का?" हा प्रश्न अजिबात नको. त्याने वाचक परीक्षेला बसल्यासारखा अवघडतो. "कुठलं पान परत उघडून बघितलंस?" असं विचारा. त्या पानावरून पुढचं पुस्तक ठरतं. मोकळी जागा, आकाश, दूरचं क्षितिज असलेलं पान दाखवलं तर 'आर्झाक'. गर्दीचं, तपशिलांनी भरलेलं पान दाखवलं तर फ्रेंच चित्रकार फिलिप द्रुइये, ज्याच्या दोन पानी दृश्यांमध्ये नजर हरवून जाते. एखाद्या चेहऱ्यावर, एखाद्या अवघडलेल्या क्षणावर बोट ठेवलं तर डॅनिअल क्लोजची 'लाइक अ व्हेल्व्हेट ग्लव्ह कास्ट इन आयर्न'.

पुस्तक अर्धवट परत आलं तर कारण काढा. शब्द नसल्यामुळे सोडलं की किळस आली म्हणून, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला संवाद असलेलं विचित्र पुस्तक द्या, दुसऱ्याला 'क्रेझी कॅट'. जॉर्ज हेरिमनच्या १९१३ ते १९४४ या काळातल्या या मालिकेत कुणाचं काही वाईट होत नाही. उंदीर मांजराला वीट मारतो, मांजर ती प्रेमाची खूण समजते, आणि मागचं वाळवंट चौकटीगणिक बदलतं. मघाशी झाड होतं तिथे आता सुळका, मघाशी दिवस आता रात्र, आणि पात्रांना त्याचा पत्ताही नाही. वीट मात्र रोज येते.

आणि एखादा वाचक हे सगळं पचवून "आणखी?" म्हणाला, तर योशिहारू त्सुगेची 'नेजिशिकी' द्या. १९६८ मध्ये 'गारो' मासिकात आलेली ही वीस-पंचवीस पानांची कथा जपानी मांगात मैलाचा दगड मानली जाते. जेलीफिश चावल्याने रक्त वाहणारा दंड धरून एक तरुण समुद्रातून बाहेर येतो आणि गावात डॉक्टर शोधत फिरतो. जिकडे तिकडे डोळ्यांच्या दवाखान्यांच्या पाट्या, त्याच्या कामाचा डॉक्टर कुठेच नाही. देताना एवढंच सांगा की त्या दंडावर लक्ष ठेव, आणि एका बैठकीत वाच. दुसऱ्यांदा वाचायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी.